काट्यापासून गादीपर्यंत : वऱ्हाडच्या कापूसधंद्यातील बढतीची वाट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले ढाणकी हे उमरखेड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. आजूबाजूच्या शिवारात आता सोयाबीन, हळद आणि ऊसही दिसत असला, तरी या साऱ्या परिसराचे आर्थिक जीवन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काळ्या जमिनीतल्या कापसाभोवती घडत आले. कापसाच्या भावाचा, वाणांचा आणि कास्तकाराच्या कर्जाचा इतिहास बऱ्याच तपशिलाने लिहिला गेला आहे. परंतु हा धंदा ज्यांच्या हातांनी चालला, त्या हमाल, मापारी, कारकून, मुनीम, फिटर आणि ग्रेडर यांच्या आयुष्यभराच्या नोकरीचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. सगळ्यात खालच्या पायरीवर कामाला लागलेला माणूस वऱ्हाडात किती वर चढू शकत होता, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ त्या माणसाच्या हुशारीत किंवा चिकाटीत नव्हे, तर त्याच्या पहिल्या कामात धंद्याचा किती भाग त्याला दिसत होता, यात मुख्यतः सापडते.

ढाणकीचा प्रदेश १८५३ साली निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या वऱ्हाडात मोडत होता, तर पैनगंगेपलीकडचा मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला. ढाणकी तेव्हा ज्यात मोडे तो पुसद तालुका आधी वाशीम जिल्ह्यात होता आणि १९०५ च्या फेररचनेत, वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले त्या वेळी, तो या जिल्ह्याला जोडला गेला. या सीमेवरच्या गावांना कापसाने जगाच्या बाजाराशी बांधले ते १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या मालाला अभूतपूर्व भाव आला, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचल्यावर बैलांच्या तांड्यांवरून आणि बंड्यांवरून जाणारा माल थेट मुंबईच्या गोदीकडे धावू लागला. १८७० साली लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयच्या हस्ते खामगावची शाखा सुरू झाली. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. नोकरीच्या दृष्टीने या घडामोडीचा अर्थ असा की, ज्या खेड्यांत तोवर शेती, बलुते आणि वतन एवढीच कामे होती, तेथे महिन्याच्या पगारावर किंवा हंगामाच्या मजुरीवर चालणारी कितीतरी नवी कामे निर्माण झाली.

या कामांपैकी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पूर्ण शिडी होती पेढीची. पेढी म्हणजे माल घेणारे, उधार देणारे, हुंडी काढणारे आणि इतरांच्या वतीने अडत करणारे व्यापारी घर. तिच्यात नव्या मुलाचा प्रवेश बहुधा गादी झटकण्यापासून, पाणी भरण्यापासून आणि निरोप पोहोचवण्यापासून होई. काही काळाने त्याला पत्रांच्या नकला करायला बसवत. अक्षर आणि हिशेब पक्का झाला की रोजमेळ, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, त्याच्या हाती येई; पुढे त्या नोंदी नावनिशीवार उतरवण्याची खतावणी, मग गावोगावी जाऊन येणे वसूल करण्याचा तगादा, आणि त्यानंतर बाजारात उभे राहून माल घेण्याचा अधिकार. या सर्व पायऱ्या चढलेल्या गुमास्त्याला दूरच्या गावातली शाखा सोपवली जाई आणि तो मुनीम होई. तेथे मालकाच्या नावाने व्यवहार करण्याची, उधारी देण्याची आणि नाकारण्याची मुखत्यारी त्याच्याकडे असे. नागपूर-कामठीच्या बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या मोठ्या घराण्यांचा पसारा अशाच मुनिमांच्या जोरावर मध्य भारतभर उभा राहिला होता. विश्वासू मुनिमाला पगाराखेरीज नफ्यात पाती, म्हणजे ठरावीक हिस्सा, देण्याचीही पद्धत होती, आणि पाती मिळालेला मुनीम पुढे स्वतःची पेढी घालू शके.

या शिडीचे बळ तिच्या क्रमात होते. नकला करणाऱ्या पोराला मालकाचा सगळा पत्रव्यवहार वाचायला मिळे, खतावणी करणाऱ्याला कोण बुडणार आणि कोण तरणार हे वर्षभर आधी कळे, आणि तगाद्याला हिंडणाऱ्याला उमरखेड-पुसदकडची शिवारे, विहिरी, बैलजोड्या आणि घरोघरचे भांडण-तंटे ठाऊक होत. मुनिमाच्या जागेवर बसेपर्यंत त्या माणसाने धंद्याची प्रत्येक बाजू हाताळलेली असे. आजच्या कंपन्या ज्याला व्यवस्थापकीय प्रशिक्षण म्हणतात, त्याच्याइतकेच, किंबहुना त्याहून दीर्घ, असे हे शिक्षण होते.

मात्र ही शिडी सर्वांसाठी लावलेली नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वऱ्हाडातील बहुतेक मोठ्या पेढ्या मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या होत्या. उधारीचा धंदा विश्वासावर चालत असल्यामुळे आणि तो विश्वास नातेगोते, जात व मूळ गाव यांच्या आधाराने जोखला जात असल्यामुळे गादीवर येणारा मुलगाही प्रायः त्याच वर्तुळातला असे. वह्या अनेकदा मोडी किंवा महाजनी लिपीत लिहिल्या जात. महाजनी लिपी बहुधा पेढीवरच शिकायला मिळे. कुणबी, बंजारा, आंध किंवा दलित कुटुंबातल्या मुलाचे पाऊल पेढीच्या उंबऱ्यापर्यंत येई ते पाठीवर ओझे घेऊन. धंद्यातले ज्ञान आत आणि श्रम बाहेर, अशी ही विभागणी होती, आणि त्या काळच्या बढतीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हाच म्हणावा लागेल.

पेढीबाहेरच्या कामांत मापाऱ्याचे स्थान मधले होते. मापारी म्हणजे काट्यावर माल तोलणारा. कास्तकाराची बंडी बाजारात उभी राहिली की अडत्या भाव ठरवी आणि मापारी वजन सांगे. त्याच्या एका शब्दावर वर्षभराच्या कष्टाचे मोल कमी-जास्त होई. १८८६ साली कारंजा येथे सुरू झालेला नियंत्रित कापूस बाजार हा देशातला अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो, आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ती व्यवस्था नियमबद्ध केली. दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागू लागला, बाजारावर देखरेख करणारी समिती आली, आणि मापारी व्यापाऱ्याच्या मर्जीतून काही अंशी बाहेर पडला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या पद्धतीची दखल घेऊन इतर प्रांतांनाही नियंत्रित बाजारांची शिफारस केली. परंतु परवान्याने मापाऱ्याला प्रतिष्ठा दिली, पुढची पायरी दिली नाही. तो वजन जाणत होता. माल कोठे जातो, कोणत्या भावाने विकला जातो आणि हुंडी कधी वटते, हे त्याला काट्यावरून दिसत नव्हते, आणि म्हणून मापाऱ्याचा मुलगा बहुधा मापारीच झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात आलेल्या परदेशी खरेदीदार कंपन्यांनी आणखी एक नवे कौशल्य आणले. रॅली ब्रदर्स आणि १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरटूर व मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेली फोल्कार्ट ब्रदर्स या त्यांतल्या प्रमुख. या कंपन्यांना गावोगावच्या मालाची प्रत पारखणारा माणूस लागे, आणि त्याची विद्या सर्वस्वी बोटांत असे. रुईचा लहानसा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून तो मधोमध ओढायचा, एका हातातले तंतू दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा समांतर रचायचे, आखूड व तुटके धागे झटकून टाकायचे, आणि उरलेल्या रेशमासारख्या जुडीची लांबी, बळ व चमक डोळ्यांनी ठरवायची. सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई. तिच्यात किती पाला, किती कवडी म्हणजे किडका पिवळट भाग, आणि ओल किती, हेही त्याच वेळी ओळखायचे. ही पारख पक्की व्हायला कित्येक हंगाम जात. भाव खंडीवर ठरे. खंडी म्हणजे ७८४ पौंड रुई, म्हणजे ३९२ पौंडांच्या दोन गठाणी, त्यामुळे पारखीतली बारीक चूकही शेकडो गठाणींच्या सौद्यात मोठी ठरे. असे असूनही या कंपन्यांतल्या एजन्सीप्रमुखाच्या जागा दीर्घकाळ युरोपीय माणसांकडेच राहिल्या. विंटरटूरहून आलेला तरुण काही वर्षांत एजन्सीचा प्रमुख होऊ शके, तर त्याला माल ओळखायला शिकवणारा देशी पारखी निवृत्तीपर्यंत पारखीच राही. स्वातंत्र्यानंतर, १९५४ साली, फोल्कार्ट आणि टाटा सन्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास ही कंपनी उभी राहिली, तोवर हा भेद मावळत आला होता.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत, ज्यांना विदर्भात नुसते ‘जीन’ म्हणतात, चित्र आणखी कठोर होते. दिवाळीच्या सुमारास भोंगा वाजू लागे आणि उन्हाळ्यापर्यंत हंगाम चाले. रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, रांगेसमोर कापूस भरणाऱ्या मुख्यतः बायका असत. तंतूंनी भरलेल्या हवेत दिवसभर उभे राहून त्या यंत्राला कापूस पुरवत, आणि हंगाम संपला की मजुरीही संपे. पुढच्या वर्षी त्याच बाईला त्याच रेच्यावर, त्याच दराने, नव्याने कामाला लागावे लागे. वीस हंगाम काम केलेल्या बाईचा अनुभव कोठल्याच हुद्द्यात मोजला जात नसे. जीनमध्ये वर चढण्याची एकच वाट होती आणि ती यंत्राच्या बाजूने जाई. तेलपाणी करणारा पोऱ्या पट्टे, रोलर आणि सुऱ्या हाताळत फिटर होई, चांगला फिटर फोरमन होई, आणि बंद हंगामात सगळी यंत्रे खोलून पुन्हा बसवण्याचे काम त्याच्याकडे असल्यामुळे मालकालाही त्याला बारमाही पगारावर ठेवणे भाग पडे. बायकांना मात्र त्या वाटेवर पाऊल टाकू दिले गेले नाही.

वऱ्हाड-नागपूर प्रदेशात नोकरीच्या शिडीचा जाणीवपूर्वक विचार करणारी पहिली मोठी संस्था म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. गिरणी मुंबईत न घालता कापसाच्या शेताजवळ घालण्याचा हा निर्णय त्या काळी धाडसी होता. त्याहूनही धाडसी होती तिच्या व्यवस्थापकाची निवड. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक विभागातले अधिकारी, आणि कापड कसे विणतात याचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराकडे देऊन जमशेटजींनी कारभार बेझनजींकडे सोपवला, आणि बेझनजींनी तो पुढे अनेक वर्षे इतक्या उत्तम रीतीने सांभाळला की त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ही निवड वरवर पाहता आश्चर्याची असली, तरी मालधक्क्यावर काम केलेल्या माणसाला कोणत्या गावचा कापूस कधी येतो, वाहतुकीला काय खर्च पडतो, व्यापारी कोठे अडतो आणि शेकडो मजुरांकडून वेळेत काम कसे घ्यावे, हे सगळे ठाऊक असते. पेढीवरच्या तगादेदाराप्रमाणेच त्यालाही धंदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसलेला असतो.

एम्प्रेस मिलने शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेण्याची पद्धतही सुरू केली. उमेदवारी म्हणजे अल्प वेतनावर, खात्याखात्यांतून फिरत, काम शिकण्याचा काळ; त्यातून तयार झालेल्या माणसांकडे पुढे खात्यांची जबाबदारी यावी, अशी ही कल्पना होती. गिरणीत बाहेरून तयार माणूस आणण्याऐवजी आतून माणूस घडवण्याचा हा विचार होता, आणि त्याच्या जोडीला कामगार टिकून राहावा म्हणून १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई या सोयी आल्या. आज हे सामान्य वाटते. परंतु मजुराला हंगामी आणि कारकुनाला बदलता येणारा समजणाऱ्या त्या काळात, नोकरी म्हणजे काही दशकांचे नाते आहे असे मानणारी ही दृष्टी फारच वेगळी होती. बेझनजींनंतर त्यांचे पुत्र सोराबजी व्यवस्थापक झाले, म्हणजे एवढ्या पुढारलेल्या गिरणीतही वरच्या जागेला घराण्याचा स्पर्श राहिलाच. तरीही उमेदवारीची पद्धत ही तिची खरी देणगी मानली पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांत अशी सलग शिडी क्वचितच होती. तेथे कामगार भरतीपासून बदलीपर्यंत सगळे जॉबरच्या हातात असे. जॉबर म्हणजे कामगारांतूनच वर आलेला मुकादम, आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायकांवर देखरेख करणारी नायकीण. साध्या कामगाराला जॉबर होता येई, पण जॉबरच्या वर स्पिनिंग मास्टर, वीव्हिंग मास्टर यांची जागा सुरू होई, आणि ती आधी लँकेशायरच्या साहेबांनी, मग तांत्रिक शिक्षण घेतलेल्यांनी भरली. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने देशी माणसाला या जागांचा दरवाजा उघडला खरा, परंतु त्याच वेळी खात्यातून शिकून वर येणाऱ्याला तो आणखी घट्ट बंद झाला, कारण आता अनुभवापुढे प्रमाणपत्र उभे राहिले. त्याच संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली, आणि त्यांनी नोकरी सोडून बेळगावची वाट धरली. वऱ्हाडसारख्या काळ्या जमिनीच्या प्रदेशांत पुढे पोहोचलेल्या किर्लोस्कर नांगराचा उगम असा एका नाकारलेल्या बढतीत आहे.

१९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी माणसे निवडताना प्रमाणपत्राकडे पाहिले नाही, यात नवल नाही. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे यांनी कचेरी आणि हिशेब सांभाळला. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रशाळेची धुरा घेतली. इतकेच नव्हे, तर शिक्षा भोगलेल्या माणसांकडे वसाहतीच्या राखणीचे काम विश्वासाने देण्यात आले. लहान कारखान्यात ओतकाम, लेथ, रंगकाम आणि विक्री हे सगळे एकाच आवारात चालत असल्यामुळे कोणालाही शेजारच्या खात्यात डोकावता येई. मुंबईच्या गिरणीत जॉबरवर संपणारी शिडी येथे कारखान्याच्या माथ्यापर्यंत गेली, याचे मोठे कारण हेच होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्याबरोबर रेल्वे कंत्राटांची भागीदारी करणारे लक्ष्मण बळवंत फाटक हेही बेझनजींप्रमाणे आधी रेल्वेत, कारकून म्हणून, होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर ढाणकीच्या परिसरात नोकरीचे नवे जग सहकाराने उभे केले. गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेचा गटसचिव हा त्यातला महत्त्वाचा माणूस. पीककर्जाची मागणी, मंजुरी, वसुली आणि थकबाकी ही सगळी दप्तरे त्याच्याकडे असल्यामुळे जुन्या मुनिमाचे ज्ञान आता त्याच्या कपाटात आले. महाराष्ट्र शासनाच्या १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ पासून खरेदीकेंद्रांवर ग्रेडर दिसू लागला. पारख आता खासगी कंपनीच्या सौद्यासाठी नव्हे, तर कास्तकाराच्या हमीभावासाठी होऊ लागली, आणि वऱ्हाडच्या शेतकरी घरांतली शिकलेली मुले प्रथमच मोठ्या संख्येने या कामात आली. उमरखेड तालुक्यातच पोफाळी येथे वसंत सहकारी साखर कारखाना झाला, तेव्हा ऊस विभागातल्या ‘स्लिप बॉय’ची नोकरी जन्माला आली. तोडणीची स्लिप शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणारा हा सर्वांत खालचा माणूस गावातल्या प्रत्येक उसाच्या लागणीची तारीख, वाण, पाण्याची स्थिती आणि मालकाचा स्वभाव जाणतो, आणि राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांत शेतकी विभागाची बढती अशाच गावपातळीवरच्या जागांपासून सुरू झाली.

सहकारातली शिडी मात्र दुहेरी होती, आणि ही बाब बऱ्याचदा नजरेआड होते. नोकरीने चढणारा माणूस फार तर कार्यकारी संचालक होऊ शके, आणि त्यासाठीही साखर आयुक्तांच्या यादीत नाव यावे लागे. अध्यक्षपद मात्र सभासदांच्या मतांवर अवलंबून, आणि तेथे जाण्याची वाट भागधारक शेतकऱ्याच्या घरातून, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद अशा मार्गाने जाई. पेढीच्या काळात ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्या शेतकरी समाजाला या दुसऱ्या शिडीने संस्थेच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत नेले, हे सहकाराचे निर्विवाद यश आहे. परंतु तीस वर्षे संस्थेत राबलेल्या कर्मचाऱ्याचा शब्द आणि निवडून आलेल्या संचालकाचा निर्णय यांत अंतर पडले, तेव्हा कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसे. काही संस्था डबघाईला येण्यामागे हेही एक कारण होते.

अनुभव आणि अधिकार यांतल्या अंतराचा हा प्रश्न खासगी कंपन्यांत वेगळ्या रीतीने सुटला. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीने नव्या प्रशिक्षणार्थीला सुरुवातीला खेड्यात राहायला आणि दुकानदारांकडे हिंडायला पाठवण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रुजवली. तेथे १९८७ साली प्रशिक्षणार्थी म्हणून लागलेले नितीन परांजपे २००८ साली त्याच कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांची सुरुवात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या पदवीनंतर झाली, म्हणजे पेढीवर गादी झटकणाऱ्या पोराच्या पायरीहून ती बरीच वरची होती, हे विसरता येत नाही. परंतु कंपनीच्या प्रमुखाने आधी बाजारात फिरलेले असावे, हा आग्रह जुन्या तगाद्याच्याच जातीचा आहे.

एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. त्याच सुमारास एकाधिकार योजनाही आटोपती घेतली गेली, खासगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली, आणि रेच्यांच्या जागी स्वयंचलित जिनिंग आले. खालच्या पायरीवरची कितीतरी जुनी कामे आता उरलेली नाहीत. त्यांचा पुरावा आहे तो पेढ्यांच्या रोजमेळांत, जीनच्या हजेरीपटांत, बाजार समितीच्या मापारी परवान्यांच्या नोंदींत आणि सेवा सोसायट्यांच्या जुन्या दप्तरांत. कोण कोणत्या पगारावर लागला, किती हंगामांनी त्याचा दर वाढला, कोणाचे नाव वरच्या रकान्यात गेले आणि कोणाचे वीस वर्षे एकाच ओळीत राहिले, हे तेथे तारीखवार लिहिलेले असते. ढाणकी, उमरखेड, पुसद, दिग्रस येथील ज्या घरांत आणि कचेऱ्यांत अशा वह्या शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाकडे जपायला द्याव्यात.